डायोडचा ‘०.७ व्होल्ट’ : एक स्पष्टीकरण

शनिवार पेठेनजीकच्या तपकीर गल्लीत मिळणारा १एन४००७ हा सिलिकॉन डायोड महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सर्वपरिचित आहे. त्यातील पी व एन थरांच्या संधीपाशी इलेक्ट्रॉन व होल यांचा संयोग होऊन प्रभारवाहकरहित पट्टा निर्माण होतो. पी-बाजू घटाच्या धन टोकास जोडल्यास हा पट्टा अरुंद होऊन प्रवाह वाहतो. उलट जोडणीत तो रुंदावतो व अत्यल्प गळतीप्रवाह उरतो (या डायोडची उलट दाबाची मर्यादा १००० व्होल्ट). तथापि ‘०.७ व्होल्टला डायोड सुरू होतो’ हे वर्गातील रूढ विधान दिशाभूल करणारे होय. प्रवाह घातांकी नियमाने वाढतो. आदर्श संधीत, खोलीच्या तापमानास, दर ६० मिलिव्होल्टमागे सुमारे दसपट. त्यामुळे मिलिअँपिअर-पट्टीवर दिसणारा वक्राचा गुडघा मायक्रोअँपिअर-पट्टीवर डावीकडे सरकतो. तीच निरीक्षणे विद्यार्थ्यांकडून सेमीलॉग कागदावर मांडून घ्यावीत. तेथे गुडघा नाहीसा होऊन जवळजवळ सरळ रेषा मिळते.