रिआल, पेसो आणि सोयाबीन : दोन चलनांचा दर आपल्याला काय सांगतो?

सोयाबीनची मळणी झाली की एकच प्रश्न उरतो : आता विकायचे की थांबायचे? अशा वेळी 'ब्राझीलचा रिआल घसरला' किंवा 'अर्जेंटिनाचा पेसो कोसळला' अशी बातमी मोबाइलवर येते. ब्राझील हा सोयाबीनचा सर्वांत मोठा उत्पादक आणि निर्यातदार देश आहे. सोयातेल व सोयापेंडीच्या निर्यातीत अर्जेंटिना पुढे आहे. आपल्या देशात येणारे सोयातेल प्रामुख्याने याच दोन देशांतून येते. त्यामुळे या चलनांचा इतिहास थोडा समजून घेतला, तर बातमी ऐकून घाईने निर्णय घेण्याची वेळ येणार नाही.

१ रिआलला किती पेसो? (सुमारे)

- १९९८ : ०.८५
- २००० : ०.५५
- २००३ : १
- २००८ (जून) : १.९
- २०१८ अखेर : ९.७
- २०२० अखेर : १६
- २०२३ डिसेंबर, अवमूल्यनापूर्वी : ७४
- २०२३ डिसेंबर, अवमूल्यनानंतर : १६३

हे बदल का झाले?

अर्जेंटिनाने १९९१ च्या कायद्याने आपले चलन डॉलरला बांधले. १९९२ पासून १ पेसो म्हणजे १ डॉलर असा दर ठरला. ब्राझीलमध्ये १ जुलै १९९४ रोजी रिआल आला. सुरुवातीला तोही डॉलरच्या आसपासच होता.

जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने रिआल बाजारावर सोडला. १ डॉलरला सुमारे १.२ रिआल मिळत होते, ते काही आठवड्यांत २ च्या घरात गेले. पेसो मात्र डॉलरलाच बांधलेला राहिला. त्यामुळे ब्राझील या मोठ्या ग्राहकासाठी अर्जेंटिनाचा माल एकाएकी महाग झाला. अखेर जानेवारी २००२ मध्ये अर्जेंटिनालाही हा बंध सोडावा लागला. २००३ मध्ये दोन्ही चलने जवळपास बरोबरीला आली. त्यानंतर अर्जेंटिनातील सततच्या महागाईमुळे पेसो रिआलच्या तुलनेत घसरतच गेला.

ब्राझील : चलन घसरले की विक्री वाढते

समजा, सोयाबीनचा जागतिक भाव टनाला ४०० डॉलर आहे. डॉलरला १.२ रिआल असताना शेतकऱ्याला ४८० रिआल मिळतील. डॉलरला २ रिआल झाले, तर त्याच मालाचे ८०० रिआल होतील. शिकागो वायदे बाजारात भाव वाढला नाही, तरी त्याच्या हातात जास्त पैसे पडतात आणि तो माल बाहेर काढतो. १९९८-९९ मध्ये ब्राझीलचे सोयाबीन क्षेत्र सुमारे १.३ कोटी हेक्टर होते, ते २००४-०५ पर्यंत २.३ कोटी हेक्टरवर गेले. स्वस्त रिआल हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. अर्थात खते आणि औषधे डॉलरच्या भावाने येत असल्याने पुढच्या हंगामाचा खर्चही वाढतो.

अर्जेंटिना : चलन घसरले की माल पिशवीत राहतो

येथे गणित उलटे होते. २०११ ते २०१५ आणि पुन्हा २०१९ पासून सरकारने डॉलर खरेदीवर कडक निर्बंध घातले. त्यामुळे डॉलरचे दोन दर झाले, एक सरकारी आणि दुसरा समांतर बाजारातला. शेतकऱ्याला सरकारी दर मिळायचा, त्यातून निर्यात कराचा भारही त्याच्यावरच पडायचा.

२०२२ च्या ऑगस्टअखेरचा ढोबळ हिशेब पाहा. सोयाबीनवर ३३ टक्के निर्यात कर, सरकारी दर सुमारे १४० पेसो आणि समांतर दर सुमारे २८० पेसो. ४०० डॉलरच्या मालातून कर गेल्यावर २६८ डॉलर उरतात. त्याचे सरकारी दराने ३७,५२० पेसो होतात. त्या पेसोंचे बाजारात पुन्हा डॉलर केले, तर जेमतेम १३४ मिळतात. म्हणजे मालाच्या किमतीचा तिसरा हिस्साच हाती लागला. मग शेतकरी पेसो घेण्यापेक्षा सोयाबीनच शेतावरच्या लांब प्लास्टिक पिशव्यांत, म्हणजे सिलो बॅगमध्ये साठवून ठेवत. तीच त्यांची बचत होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने केवळ सोयाबीनसाठी डॉलरला २०० पेसो असा खास दर दिला. तेव्हा एका महिन्यात १ कोटी टनांहून अधिक सोयाबीन विकले गेले. पीक तेच होते, बदलला तो फक्त दर.

आपण काय पाहावे?

१. शेतकऱ्याला कोणता दर मिळतो : पेसो घसरल्याची बातमी आली, तर सरकारी दर घसरला की समांतर, हे पाहा. केवळ समांतर दर घसरला तर तेथील शेतकरी माल रोखतो आणि तेलाच्या भावाला आधार मिळू शकतो. सरकारी दर बदलला किंवा निर्यात कर कमी झाला, तर विक्री वाढून भावावर दबाव येऊ शकतो.

२. हंगाम : ब्राझीलची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल आणि अर्जेंटिनाची मार्च ते मे-जूनपर्यंत चालते. याच काळात रिआल घसरला, तर जागतिक बाजारात आवकेचा दबाव अधिक जाणवतो. आपला माल तोपर्यंत थांबवणार असाल, तर हे लक्षात ठेवा.

३. रुपया आणि आयात शुल्क : परदेशात तेल स्वस्त झाले, तरी रुपया घसरला किंवा शुल्क वाढले तर येथे तेवढा फरक दिसत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्के झाले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आले.

अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याने माल रोखला, कारण त्याच्या हाती येणाऱ्या पैशाची किंमत रोज घटत होती. आपली परिस्थिती तशी नाही. आपल्याला कर्जाचे हप्ते, रब्बीचा खर्च आणि साठवणुकीतील घट यांचा हिशेब करावा लागतो. म्हणून एका बातमीवर सगळा माल रोखू नका आणि सगळा विकूही नका. हमीभाव व स्थानिक बाजारभाव यांची तुलना करा, माल नीट वाळवून ठेवा आणि टप्प्याटप्प्याने विक्री करा.