‘एरर १२०५’ आला, म्हणजे पेमेंट झालेच नाही का?

महिनाअखेर. पुरवठादारांची देणी चुकती करायला अकाउंटंट ‘पे’ बटण दाबतो, चकती फिरत राहते आणि पडद्यावर ‘एरर १२०५’ उमटतो. हात पुन्हा बटणाकडे जातो. तेच नेमके टाळायचे असते.

या आकड्याचा अर्थ सॉफ्टवेअरच्या मागे कोणता डेटाबेस आहे, त्यावर ठरतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५ म्हणजे ‘डेडलॉक’. अरुंद बोळात दोन टेम्पो समोरासमोर यावेत, तसे दोन व्यवहार एकमेकांना अडवून बसतात. मग डेटाबेसच एकाला मागे हटवतो आणि त्याचे सगळे बदल रद्द करतो.

मायएसक्यूएलमध्ये डेडलॉकचा क्रमांक १२१३. तिथे १२०५ म्हणजे, दुसऱ्याने लॉक केलेली नोंद मोकळी होण्याची वाट पाहिली (मूळ सेटिंगनुसार ५० सेकंद), पण ती झाली नाही. खरी मेख इथे आहे. मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटची आज्ञा रद्द होते, पूर्ण व्यवहार नाही. सॉफ्टवेअरने ही चूक गिळून उरलेले काम ‘कमिट’ केले, तर नोंदी अर्धवट राहतात. आदेश बँकेकडे गेलेला, बिल मात्र थकीतच! शिवाय डेटाबेस फक्त स्वतःच्या नोंदी मागे घेतो. बँकेकडे गेलेला आदेश त्याच्या हातात नसतो.

म्हणून आधी एररचा स्क्रीनशॉट घ्यावा, वेळ आणि बिल क्रमांक टिपावा. मग बँकेच्या स्टेटमेंटमध्ये यूटीआर शोधावा. तो एनईएफटीला १६, तर आरटीजीएसला २२ अक्षर-अंकांचा असतो. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये चालते. त्यामुळे पुरवठादाराने ‘अजून आले नाहीत’ म्हणणे हा पुरावा नव्हे.

तंत्रज्ञाला विचारायचा प्रश्न एकच : लॉक कोणी धरला होता? बरेचदा दुसऱ्या संगणकावर उघडा राहिलेला व्यवहार सापडतो, किंवा इंडेक्स नसल्याने एका बिलासाठी अख्खे टेबल अडवणारी क्वेरी. फक्त प्रतीक्षेचे सेकंद वाढवून दुखणे लांबते.

दुहेरी पेमेंट रोखायचे तर प्रत्येक पेमेंटला एकमेव संदर्भ क्रमांक द्यावा आणि आदेश बँकेकडे जाण्यापूर्वीच तो डेटाबेसमध्ये पक्का नोंदवावा. मग घाईत बटण दोनदा दाबले गेले, तरी मायएसक्यूएल ‘१०६२ : डुप्लिकेट एंट्री’ म्हणत दुसरी नोंद नाकारते. हा एरर दिसला तर चिडू नये; दुसरे पेमेंट दारातच अडलेले असते.