हीमॅन एका गुडघ्यावर का बसू शकत नव्हता?

हातात तलवार, पिळदार दंड आणि विश्वातला सर्वांत ताकदवान माणूस अशी ख्याती. तरीही अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या हीमॅनला दोन्ही हातांनी तलवार धरता येत नव्हती आणि गुडघा टेकून बसताही येत नव्हतं. कारण त्याला कोपर आणि गुडघ्याचे सांधेच नव्हते.

आर्टिक्युलेशन म्हणजे काय?

अॅक्शन फिगर किती ठिकाणी हलते, याला आर्टिक्युलेशन म्हणतात. जुना हीमॅन सहा ठिकाणी हलायचा : मान, दोन खांदे, कंबर आणि मांड्यांचे दोन सांधे. त्याचे पाय आतून रबर बँडने जोडलेले होते. कंबरेत स्प्रिंग होती. कंबर पिळून सोडली, की तो गर्रकन फिरून ठोसा मारायचा. मुलांना लढाई खेळायला तेवढं पुरेसं होतं.

सांधे कोणते?

शाळेत शिकलेले शरीराचे सांधे आठवा. फिगरमध्येही तेच असतात. बिजागरीचा सांधा कोपर-गुडघ्यात असतो आणि एकाच दिशेने वाकतो. उखळीचा सांधा जवळपास सगळीकडे फिरतो. कोपरात एकाऐवजी दोन बिजागऱ्या दिल्या, तर हात पार खांद्यापर्यंत दुमडतो.

मग जास्त सांधे म्हणजे जास्त चांगलं?

तसं नाही. प्रत्येक सांध्यामागे जास्तीचे सुटे भाग आणि ते जोडण्याचं काम वाढतं, म्हणजे खर्चही वाढतो. कोरलेल्या स्नायूंवर सांध्याची रेघ दिसते. बारीक खुंटी तुटण्याचा धोका असतो. फॅन्टसी फिगरची आणखी एक अडचण म्हणजे चिलखत. खांद्यावरचं कवच कडक असेल, तर खाली कितीही चांगला सांधा असला तरी हात वर जात नाही. म्हणून असे भाग अनेकदा मऊ प्लॅस्टिकचे करतात.

२०२० मध्ये मॅटेलने 'ओरिजिन्स' मालिका आणली. हीमॅनचा चेहरामोहरा जुनाच ठेवला, पण सांधे १६ केले. आता तो गुडघे वाकवतो. मात्र कंबरेतला स्प्रिंगचा ठोसा गेला.

विकत घेताना काय बघाल?

खोक्यावरचा आकडा एकटा फसवू शकतो. फिगर आधाराशिवाय उभी राहते का, शस्त्राच्या वजनाने हात खाली येतो का, हे बघा. नवी फिगर एखाद्या सांध्यात अडकली असेल, तर जोर लावू नका. तो भाग थोडा वेळ गरम पाण्यात धरा. प्लॅस्टिक मऊ झालं, की हळूच फिरवा. हे काम मात्र मोठ्यांनीच करावं.

फिगर लहान मुलासाठी घेत असाल, तर सहा दणकट सांधे तीस नाजूक सांध्यांपेक्षा जास्त दिवस टिकतील.