जोगिणींच्या वाड्यात शंकर-पार्वती

जबलपूरला आलेली मराठी सहल भेडाघाटला जातेच. धुवांधार धबधबा बघायचा, संगमरवरी कड्यांमधून नावेनं फिरायचं आणि परतायचं, असा बेत. नर्मदेकाठच्या टेकडीवर चौसष्ट योगिनी मंदिर आहे, पण त्याला शंभरावर पायऱ्या आहेत म्हटलं की निम्मी मंडळी खालीच चहाला थांबतात. हे नुकसान त्यांचंच. योगिनींची, म्हणजे तांत्रिक देवींची, अशी गोल, उघड्या अंगणाची मंदिरं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

वर गेल्यावर पहिला धक्का आकाराचा. शिखर नाही, सभामंडप नाही. एक भलंमोठं दगडी वर्तुळ, त्याच्या कडेनं आतल्या बाजूला छपराची ओवरी आणि मध्ये मोकळं आकाश. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमनं 1870च्या दशकात मोजमाप घेतलं तेव्हा आतला व्यास 116 फुटांचा भरला. ओडिशातल्या हिरापूरचं योगिनी मंदिर याच्या आत चार वेळा तरी मावेल. ओवरीत 84 खण आहेत. तीन येण्याजाण्यासाठी सोडले की उरतात 81, म्हणजे नाव चौसष्टांचं आणि जागा एक्याऐंशींची. नऊ नव्वे एक्याऐंशी हे चक्र राजांसाठीचं, असं कलेच्या इतिहासकार विद्या दहेजिया यांनी तांत्रिक ग्रंथांच्या आधारे दाखवलं आहे. ते पटण्यासारखं आहे, कारण दहाव्या शतकात हे उभं राहिलं तेव्हा कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचं तेवर, इथून अगदी जवळ होती.

ओवरीतून सावकाश फिरावं. बहुतेक मूर्ती बसलेल्या आहेत, जवळजवळ माणसाच्या मापाच्या. हात तुटलेले, नाकं उडवलेली, छाती फोडलेली. पण गळ्यातल्या हारांचे पदर, कमरेच्या मेखलेच्या साखळ्या आणि केसांच्या गुंफणी अजून सुट्या सुट्या मोजता येतात. खाली बैठकीवर वाहन आणि त्याच्याजवळ नागरी अक्षरांत नाव: श्री कामदा, श्री सर्वतोमुखी, श्री जाह्नवी, श्री फणेन्द्री. महिषासुराला मारणारी देवी आपल्या ओळखीची, पण इथे तिच्याखाली ‘श्री टेरम्बा’ असं कोरलं आहे. नावं नसती तर या भग्न मूर्तींमधून कोण कोण ओळखू आलं असतं, शंकाच आहे.

आता अंगणातल्या देवळाकडे वळू. वर्तुळाच्या आत गौरीशंकराचं मंदिर आहे आणि ते मूळ रचनेतलं नाही. आत शंकर-पार्वती नंदीवर बसलेले आहेत. हे देऊळ सर्वसाधारणपणे अल्हणादेवीचं मानलं जातं. मेवाडच्या गुहिल राजा विजयसिंहाची ही मुलगी; तिची आई माळव्याच्या परमार उदयादित्याची लेक. ती कलचुरी राजा गयाकर्णाची राणी झाली. तो वारल्यावर, मुलगा नरसिंह गादीवर असताना, कलचुरी संवत 907 मध्ये, म्हणजे 1155 साली, तिनं भेडाघाटला शिवमंदिर, मठ, व्याख्यानशाळा आणि बागा करवल्या. खर्चासाठी दोन गावं लावून दिली आणि कारभार रुद्रराशी या पाशुपत आचार्याकडे सोपवला. या दानाच्या शिलालेखात काव्य रचणारा शशिधर, बांधणारा पीथे आणि अक्षरं कोरणारा महीधर यांचीही नावं आहेत. कोरक्याचं नावसुद्धा न विसरणारी ही राणी मला फार आवडते.

तिनं योगिनींना हलवलं नाही. त्यांच्या उघड्या अंगणात शिवाचं घर आलं आणि त्यांचं वर्तुळ आपोआप त्या घराची ओवरी झालं. मालकिणी भाडेकरू झाल्या म्हणा ना! माझं मत असं की याच सोयरिकीनं वर्तुळ वाचलं. योगिनींची पूजा केव्हाच थांबली. गौरीशंकराची आजही चालते. जिथे दिवा लागतो तिथला दगड लोक घरबांधणीला सहसा उचलून नेत नाहीत. तेवरच्या अवशेषांना ते भाग्य लाभलं नाही. मूर्ती औरंगजेबाच्या फौजेनं फोडल्या आणि ती फौज गौरीशंकराकडे वळताच मधमाश्यांनी तिला पळवलं, अशी गोष्ट गावात सांगतात. आता वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. योगिनी सरकारच्या ताब्यात आणि आरती पुजाऱ्याच्या हाती, असा संसार एकाच भिंतीआड चालतो.

मराठ्यांचं राज्यही इथं होतं: जबलपूर 1781 पासून सागरच्या मराठ्यांकडे आणि 1798 नंतर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. 1817 साली इंग्रजांनी घेतलं. पण या टेकडीशी आपला खरा संबंध जोडला तो वासुदेव विष्णु मिराशी यांनी. कोकणात जन्मलेल्या आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या विद्वानानं कलचुरी-चेदी संवताचे विखुरलेले लेख वाचून, कालगणना लावून 1955 साली दोन भागांत प्रसिद्ध केले. अल्हणादेवीचा लेखही त्यांत आहे.

तो लेख मात्र भेडाघाटला नाही. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडितानं एकोणिसाव्या शतकात तो छापून प्रसिद्ध केला आणि मूळ शिळा अमेरिकेत न्यू हेवनला, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली. देऊळ भेडाघाटला, त्याचं दानपत्र सातासमुद्रापार! निदान एक उत्तम ठसा आणि मराठी-हिंदी भाषांतर पायऱ्यांच्या तोंडाशी लावलं, तर खाली चहाला थांबलेल्यांपैकी दोघे-चौघे तरी वर चढतील.