बालरुग्णाचा चौथा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. हे चारही आपापल्या गुणांनी संपन्न असले म्हणजे व्याधी हटतो, असा तेथील अभिप्राय. परिचारकाकडून चार गोष्टींची अपेक्षा केली आहे. उपचारांचे ज्ञान, कामातील दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. आजच्या कोणत्याही परिचर्या महाविद्यालयाने दारावर कोरून ठेवावी अशीच ही यादी आहे. परंतु माझे लक्ष खिळते ते चौथ्या पादावर, म्हणजे रोग्याकडून अपेक्षिलेल्या गुणांवर. रोग्याला स्मृती असावी, त्याने वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागावे, तो भित्रा नसावा आणि आपल्याला काय होते आहे ते त्याला सांगता यावे.

आता हीच कसोटी अकरा महिन्यांच्या, तापाने फणफणलेल्या आणि दोन दिवस धड अंगावर न प्यालेल्या मुलाला लावून पाहावी. रात्री किती वेळा उलटी झाली हे ते सांगू शकत नाही. तोंड उघड म्हटले की ते घट्ट मिटते. पांढरा डगला दिसताच त्याचा श्वास रडण्यात अडकतो. आणि दुखते ते पोटात की कानात, हे सांगण्यासाठी त्याच्यापाशी त्या रडण्यावाचून दुसरा शब्द नसतो. चिकित्सेचा एक संबंध पाद येथे गैरहजर आहे. तो कोणीतरी भरून काढला पाहिजे, आणि भरून काढू शकतील अशी माणसे दोनच : त्याची आई, अथवा आईच्या ठिकाणी असलेले घरचे माणूस, आणि त्याच्या खाटेची जबाबदारी जिच्यावर आहे ती परिचारिका. मुलांच्या रुग्णालयाचा दर्जा कशाने वाढतो, या प्रश्नाचे उत्तर इमारतींच्या आणि यंत्रांच्या यादीत मला सापडत नाही. या दोघींना आपापले काम करण्यास तेथे किती मुभा आणि किती वेळ मिळतो, यात ते सापडते.

न बोलणाऱ्या रुग्णाची भाषा वाचण्याचे शास्त्र दिसायला साधे, पण मोठ्या शिस्तीचे आहे. खोकला झालेल्या मुलाला न्यूमोनिया असावा की काय, हे ओळखण्याची जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली खूण म्हणजे श्वासांची संख्या : दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. याला यंत्र लागत नाही. एक घड्याळ लागते आणि एक पूर्ण मिनिट लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करणे येथे चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास क्षणात भरभर तर क्षणात संथ असा चालतो. मूल रडत असले की सारी मोजणी व्यर्थ जाते, म्हणून झबले वर करून छातीकडे पाहत श्वास मोजायचे ते मूल आईच्या मांडीवर निवांत असताना. परिचारिकेच्या शास्त्राचा पहिलाच पाठ असा आईच्या मांडीवरून सुरू होतो.

हे पाहणे वेळेवर झाले तर केवढा फरक पडतो, याचे उदाहरण आफ्रिकेतील मलावी देशाचे आहे. ब्लँटायर शहराच्या क्वीन एलिझाबेथ मध्यवर्ती रुग्णालयात मुलांची रीघ लागलेली असे, आणि ज्याचा नंबर आधी त्याची तपासणी आधी, हा न्याय्य वाटणारा दस्तूर अत्यवस्थ मुलांच्या जिवावर उठे. डॉ. एलिझाबेथ मोलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारातच प्रत्येक मुलावर शिकलेली नजर टाकण्याची आणि धाप, झटके, ग्लानी किंवा गार पडलेले हातपाय दिसताच त्या मुलाला रांगेतून उचलून आत नेण्याची व्यवस्था बसवली. तेथील बालमृत्यूंचे प्रमाण पुढे सुमारे निम्म्यावर आले.

भीतीचा विषय मात्र मला घाईने ओलांडता येत नाही. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा असताना विषमज्वराने आजारी पडला आणि त्याला जिल्ह्याच्या गावी इस्पितळात ठेवावे लागले. तेथील शिरस्ता असा की, नातेवाइकांनी सायंकाळी चार ते सहा या वेळातच भेटावे. आई सकाळीच मऊ भाताचा डबा घेऊन जाई आणि आवारातल्या कडुनिंबाखाली चार वाजेपर्यंत बसून राही. पहिले दोन दिवस त्याच्या रडण्याचा आवाज तिला तेथपर्यंत ऐकू येई. तिसऱ्या दिवशी तो थांबला, आणि तिला धीर द्यावा म्हणून तिथल्या एका मावशींनी येऊन सांगितले, "आता रमलंय हो पोर तुमचं." त्या सायंकाळी आई खाटेपाशी गेली, तेव्हा त्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. ताप उतरून तो घरी आला, परंतु पुढे कित्येक महिने आई पाण्याला निघाली तरी तिच्या लुगड्याचा पदर त्याच्या मुठीत असे.

तो रमला नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी जेम्स रॉबर्टसन यांच्या कार्याविषयी वाचताना उमगले. महायुद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील शिशुगृहात काम केलेला हा गृहस्थ पुढे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांचा सहकारी झाला आणि रुग्णालयातील मुलांचे निरीक्षण करू लागला. त्या काळच्या लंडनमधील नियम आज वाचतानाही जीव कासावीस होतो. सेंट टॉमस रुग्णालयात पहिला महिनाभर आईबापांना भेटीची परवानगीच नसे; सायंकाळी सात ते आठ या वेळात, मूल झोपलेले असताना, त्यांनी ते दुरून पाहावे, एवढीच सवलत होती. रॉबर्टसन यांनी पाहिले की, आईवेगळे झालेले मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते. आणि ही तिसरी अवस्था पाहून कर्मचारी समाधानाने म्हणतात, की आता ते रुळले.

आपले कोणी ऐकत नाही म्हणून त्यांनी एक चलच्चित्रण यंत्र विकत घेतले आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या लॉरा नावाच्या मुलीचे चित्रण केले. दररोज ठराविक वेळी चित्रण करायचे आणि भिंतीवरचे घड्याळ चौकटीत येऊ द्यायचे, म्हणजे रडण्याचे क्षण तेवढे निवडून घेतले असा आक्षेप कोणाला घेता येऊ नये, एवढी त्यांची सावधगिरी होती. गंमत अशी की, अडीच वर्षांची ती मुलगी फारशी रडलीच नाही. ती रडू आवरत राहिली, आणि तेच पाहवत नाही. १९५२ साली हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला गेला, तेव्हा पुष्कळ डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. परंतु पाहिलेले कोणाला न पाहिलेले करता आले नाही. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल सादर केला, आणि मुलांना भेटण्यास वेळेचे बंधन नसावे व लहान मुलांबरोबर आईला राहण्याची सोय करावी, अशा शिफारशी केल्या. शिफारस मंजूर होणे आणि खाटेपाशी तिचा अंमल होणे यांत तेथेही वर्षे गेली. १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातील काही आयांनी एकत्र येऊन रुग्णालयांकडे पाठपुरावा सुरू केला, तेव्हा कोठे दारे हळूहळू उघडू लागली.

आईला आत घेणे ही केवळ दया नव्हे, तो उपचार आहे, ही गोष्ट मात्र ज्या देशांत साधनांची वाण होती त्यांनी अधिक ठळकपणे सिद्ध केली. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी, पेट्यांची टंचाई आणि एका पेटीत अनेक बाळे ठेवल्याने पसरणारा जंतुसंसर्ग पाहून, कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच पुढे कांगारू मातृसेवा म्हणून जगभर गेली. आपल्या मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागात डब्याचे दूध बंद करून मातेच्या दुधाचा आग्रह धरला, आयांना विभागात घेऊन शुश्रूषेत सामील केले, आणि १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी तेथे उभी केली. शीवच्या त्या गर्दीच्या, पालिकेच्या इस्पितळाचा मला जो अभिमान वाटतो, तो कित्येक चकचकीत रुग्णालयांविषयी वाटत नाही.

यावर अखेरचा हवाला २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा आहे. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील रुग्णालये यांनी मिळून तीन हजारांहून अधिक, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर तो केला. नेहमीच्या पद्धतीत बाळ स्थिरस्थावर झाल्यावर आईच्या छातीशी देतात. येथे मात्र अर्ध्या बाळांना जन्मताच तसे ठेवले, आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली. अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते. या पद्धतीत ते १२ टक्के झाले.

परंतु येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आई आत आली म्हणून परिचारिका कमी नेमल्या तरी चालतील, असा हिशेब जेथे मांडला जातो तेथे या साऱ्या विचाराचा विपर्यास होतो. बाळाची शू-शी, पाजणे, छातीशी धरणे हे आईचे काम. सलाईनचा वेग ठरवणे हे तिचे काम नव्हे. एक हिशेब पाहू. सात किलो वजनाच्या बाळाला दिवसाला ७०० मिलिलिटर द्रव द्यायचा, म्हणजे तासाला सुमारे २९ मिलिलिटर. मुलांसाठी जी बारीक थेंबांची नळी असते तीत ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यामुळे मिनिटाला २९ थेंब लावले की हिशेब बरोबर जुळतो. आता घाईत मोठ्या माणसाची, २० थेंबांना एक मिलिलिटर होणारी नळी जोडली गेली आणि थेंब तेवढेच राहिले, तर त्याच बाळाच्या शरीरात तासाला ८७ मिलिलिटर, म्हणजे तिप्पट द्रव जाऊ लागतो. औषधाचेही तेच, मुलाची मात्रा किलोच्या हिशेबाने काढायची असते, आणि केसपेपरवर शून्याशिवाय लिहिलेल्या दशांशातले टिंब पुसट उमटले की मात्रा दसपट होते. मोठे माणूस एखादी चूक सोसून नेते. सात किलोच्या देहात तेवढी सवड नसते.

हे सारे सांभाळणाऱ्या परिचारिकेपाशी वेळ किती असतो? एका सरकारी इस्पितळातील मुलांच्या वॉर्डात मी नातवाबरोबर चार रात्री काढल्या; चाळीस मुले होती आणि रात्रपाळीला सिस्टर एकच. दर चार तासांनी प्रत्येक मुलाचा ताप, नाडी आणि श्वास पाहून नोंद करायला पाच मिनिटे धरली, तर चाळीस मुलांची दोनशे मिनिटे होतात; चार तासांतली उरलेली चाळीस मिनिटे इंजेक्शने, सलाईनच्या बाटल्या, सुजलेल्या हातातून निघालेली सुई, नव्याने दाखल झालेले मूल आणि नोंदवही यांना पुरवायची. अशा रात्री जी नोंद होते ती कित्येकदा पाहून केलेली नसते, आधीच्या ओळीवरून उतरवलेली असते. यात त्या बाईंची हयगय आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परिचारिकांची रिक्त पदे भरणे हा आस्थापना विभागाचा कागद वाटतो, पण तो मुलाच्या श्वासाचा प्रश्न आहे. तसेच वॉर्डात आईला निजायला जमिनीऐवजी बाक, वापरता येईल असे न्हाणीघर आणि दोन वेळचे जेवण देणे, हाही उपचारखर्चाचाच भाग धरला पाहिजे. जी आई स्वतः उपाशी आणि जागरणाने खचलेली आहे ती मुलाला धीर कोठून देणार?

त्या चार रात्रींतली तिसरी. पहाटे पाळी बदलण्याच्या सुमाराला सिस्टर नव्या सिस्टरला ओव्हर देत खाटांमधून निघाल्या होत्या. प्रत्येक खाटेपाशी केसपेपर वाचला जाई, सलाईनच्या बाटलीवरची खूण पाहिली जाई आणि त्या पुढे सरकत. शेजारच्या खाटेवर आदिवासी पाड्यावरून आलेली एक आई नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन बसली होती. नोंदवहीत रात्री दोनचे आकडे ठीकठाक होते. नव्या सिस्टर तरीही थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं ताई, रात्री कशी होती?"

त्या बाईला आधी उत्तर देण्याचाच संकोच वाटला. मग ती हळूच म्हणाली, "प्याली नाही, सिस्टर. आणि आवाज रोजचा नाही तिचा."

सिस्टरांनी हातातली वही खाटेवर ठेवली. मुलीला मांडीवरून न उचलता त्यांनी तिचे झबले वर केले, मनगटावरचे घड्याळ समोर धरले, आणि मागे दुसऱ्या मुलाचे नातेवाईक हाका मारीत असतानाही मान वर न करता, ओठांतल्या ओठांत, पूर्ण एक मिनिट मोजले. मग त्यांनी वॉर्डबॉयला ऑक्सिजन आणायला पिटाळले आणि डॉक्टरांना फोन लावला.