खबरबात ठेवणारा तक्ता

विमा प्रतिनिधीचे काम करताना दीडशे-दोनशे घरांशी संबंध येतो. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन, सगळे लक्षात राहत नाही. मग फोन जातो तो फक्त हप्त्याच्या वेळी, आणि पलीकडच्याला ते जाणवते. इथे मोबाइलची मदत होते. मात्र एक गोष्ट आधी ठरवावी: यंत्राने आठवण करायची ती आपल्याला, समोरच्याशी बोलायचे आपणच.

सुरुवात तक्त्याने करावी. गुगल शीट्स म्हणजे फोनवरही उघडणारी, ओळी-रकान्यांची वही. दर घराला एक ओळ. रकाने पाचच: नाव, हाक मारायचे नाव, शेवटचे बोलणे कधी झाले, काय बोललो, पुढचा फोन कधी.

दुसरा रकाना गाळू नये. आपण नंबर साठवतो ते 'पाटील टू-व्हीलर' असे. तेच नाव आपोआप जाणाऱ्या संदेशात शिरले, की "नमस्कार पाटील टू-व्हीलर" असा मजकूर त्या माणसाच्या हाती पडतो. अण्णा, ताई, सर, तोंडी जे म्हणता तेच तिथे लिहावे.

वाढदिवस नोंदवायचा तर विचारून. कागदावर १ जून असेल तर हमखास विचारावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख आपल्याकडे असंख्य लोकांच्या नावावर आहे.

'काय बोललो' हे फोन ठेवताच लिहावे, संध्याकाळी निम्मे निसटते. त्या माणसाने शेजारी बसून वाचले तरी चालेल, एवढेच लिहावे.

आता कॅलेंडर. प्रत्येक नावाची, दर काही महिन्यांनी आपोआप पुन्हा येणारी नोंद करावी. बहुतेकांचे गाडे इथे अडते. एका रविवारी बसून सगळी नावे एकाच तारखेला घातली जातात, आणि पुढे दोनशे आठवणी एकाच सकाळी येऊन आदळतात. दिवसाला दोनच नावे ठेवावीत. दोनशे घरांची फेरी शंभर दिवसांत पुरी होते.

हप्त्याची सूचना मात्र खुशाल ठरावीक मजकुरात पाठवावी. रक्कम, तारीख आणि सवलतीचे दिवस (वार्षिक हप्त्याला ३०, मासिक हप्त्याला १५) त्यात असले की पुरे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या सोयीत, २५६ नंबर मावतात. पण ज्यांनी आपला नंबर साठवलेला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून "पाठवला होता" एवढ्यावर विसंबू नये.

सणाच्या शुभेच्छा या यादीतून सरसकट पाठवू नयेत. माझ्याकडून एकदा दिवाळीचा संदेश अशा घरी गेला, जिथे श्रावणात वडील गेले होते. त्यांनी उत्तर दिले, "यंदा आमच्याकडे सण नाही." तेव्हापासून माझ्या तक्त्यात सहावा रकाना आहे: 'यंदा सण नाही'. आपणही तो आजच घालावा. आणि त्यात खूण असलेल्या घरी संदेश नको, फोनही नको. दहा मिनिटे जाऊन बसून यावे.