पहिली नाव : लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींविषयी

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती बनविणे हा सुखवस्तू आणि रिकाम्या माणसांचा छंद आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात शिडे फुगलेले जहाज दिसले की ते कोणीतरी विकत आणलेले असणार, असेच आपण धरून चालतो. ते कोणी आपल्या हाताने घडविले असेल आणि तो घडविणारा आठवड्याचे सहा दिवस यंत्रापुढे उभा राहणारा असेल, हे मनात येत नाही. आमचा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. पुस्तकी शिक्षण बेताचेच झाले. तेव्हा नौकाशास्त्रावर पांडित्य सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ज्याने आजवर हातात रंधाही धरलेला नाही, त्याने या विद्येचा श्रीगणेशा कोठून करावा आणि तिच्यातून त्याच्या पदरात काय पडते, एवढे मात्र सांगता येईल.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लढाऊ जहाजांच्या ज्या प्रतिकृती बनल्या, त्यांपैकी अनेक आजही ग्रीनिचच्या संग्रहात पाहावयास मिळतात. त्यांचे प्रमाण बहुधा १:४८ असे. म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला पाव इंच. त्यांच्या खालच्या अंगाला फळ्या मारीत नसत, त्यामुळे आतल्या बरगड्या उघड्या दिसत. अमेरिकेतील गोद्यांत तर निराळीच तऱ्हा होती. तेथला मिस्त्री एकावर एक फळ्या रचून त्यांतून जहाजाचे अर्धे अंग कोरून काढी. ते मनासारखे झाले की फळ्या सुट्या करून एकेकीची मापे घेई आणि तीच वाढवून खरे जहाज उभारी. कागदावरचा आराखडा मागाहून आला, हाताची प्रतिकृती आधी होती. आपल्या विचाराला आकार देण्यासाठी कारागिराला कागदच हवा असतो, असे नाही.

आणखी एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली युद्धकैद्यांची छावणी उघडली. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले हजारो फ्रेंच खलाशी व शिपाई तेथे अडकून पडले. त्यांनी जेवणातल्या मांसाची हाडे जपून ठेवली, ती घासूनपुसून त्यांच्या बारीक पट्ट्या केल्या आणि त्यांतून जहाजे घडविली. छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात ती विकली जात. त्यांतली कित्येक आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत. हातात ना लाकूड ना धड हत्यार, आणि सुटकेचा दिवस कोणालाच ठाऊक नाही! अशाही स्थितीत ज्यांना हे साधले, ते रिकामटेकडे नव्हते. काम हिरावले गेलेले ते कामकरी होते.

आता नवशिक्याकडे वळू. त्याची गाडी अडते ती बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. तो निवड करतो ती थेट तीन डोलकाठ्यांच्या आणि शंभर तोफांच्या जहाजाची. आजकाल असे संच तयार मिळतात. यंत्राने कापलेले भाग, फळ्यांच्या जुड्या, दोऱ्यांची रिळे असा सारा सरंजाम एका खोक्यात येतो आणि खोक्यावर सुंदर चित्र असते. पहिला महिना उत्साहात जातो. पुढे फळी वळत नाही, बरगडी मोडते, शेकडो दोऱ्यांचा नकाशा पाहून डोळे फिरतात, आणि खोके माळ्यावर जाते. "आपल्या हातात कलाच नाही" असे म्हणून माणूस मोकळा होतो. खरे पाहता हातांचा त्यात काही दोष नसतो. क्रम चुकलेला असतो, इतकेच.

म्हणून पहिली नाव लहान निवडावी, आणि शक्यतो ती कष्टकऱ्यांची असावी. आम्ही 'डोरी'ची शिफारस करू. दोरी नव्हे, डोरी! अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील कोळ्यांची ही सपाट तळाची नाव. मॅसॅच्युसेट्समधील एम्सबरी येथे लॉवेल घराण्याचा नावांचा कारखाना १७९३ पासून आहे आणि डोरीसाठी तो प्रसिद्ध आहे. मोठे शिडाचे जहाज न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ सागरात कॉड माशांसाठी जाई. त्याच्यावर या डोऱ्या एकात एक पेल्यांसारख्या रचलेल्या असत. बसण्याच्या आडव्या फळ्या काढता येत, म्हणून ते जमे. तेथे पोचल्यावर एकेका डोरीत बहुधा दोन दोन माणसे बसवून ती पाण्यात सोडीत. धुके उतरले की जहाज दिसेनासे होई.

१८८३ च्या जानेवारीत हॉवर्ड ब्लॅकबर्न आणि त्याचा सोबती असेच हिमवादळात जहाजापासून तुटले. ब्लॅकबर्नचे हातमोजे वाहून गेले. हात गोठणार हे उघड होते, तेव्हा ते वल्ह्याच्या मुठीभोवती वळवून त्याने तसेच गोठू दिले आणि तो वल्हवीत राहिला. सोबती डोरीतच गेला. ब्लॅकबर्न किनाऱ्याला लागला, पण दोन्ही हातांची बोटे गमावून. हे ठाऊक असलेला माणूस जेव्हा त्या नावेचे वल्हे तासतो, तेव्हा ती मूठ त्याला निराळीच दिसते.

आता प्रत्यक्ष कृती. डोरीसाठी १:२४ हे प्रमाण सोयीचे; एका फुटाला अर्धा इंच. पंधरा फुटांचा तळ येथे साडेसात इंचांचा होतो, एक इंच जाडीची फळी सुमारे एक मिलिमीटरची होते आणि साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा. हा हिशेब प्रत्येक भागाला लावण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी. प्रतिकृती खोटी वाटते ती बहुधा मापामुळे. कोठेतरी खिळा फार मोठा किंवा फळी फार जाड राहून गेलेली असते.

लाकूड बारीक रेषेचे घ्यावे. साग खऱ्या जहाजाला उत्तम. पण चोवीस पटींनी लहान केलेल्या नावेवर त्याच्या रेषा जाड आणि बेडौल दिसतात. हत्यारे थोडी पुरतात : धारदार पात्याची सुरी, बारीक दातांची करवत, लहान कानस, गुण्या, पोलादी पट्टी, दोनतीन प्रतींचे पॉलिशपेपर आणि कपडे वाळत घालण्याचे डझनभर चिमटे. सुतार वापरतात तो पांढरा गोंद पुरे. मात्र बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने तेव्हाच पुसावा. तो वाळला की तेथे लाकूड रंग धरीत नाही आणि डाग कायमचा राहतो.

आराखडा सपाट पाटावर चिकटवून आधी तळ करावा. तळ सपाट म्हणतात खरा, पण लांबीच्या दिशेने त्याला किंचित बाक असतो. तो विसरला तर नाव पेटीसारखी दिसते. मग बरगड्या. प्रत्येक बरगडी चित्रावरच जुळवावी आणि वाळल्यावर उलटी करून पुन्हा चित्रावर ठेवावी. डावे-उजवे सारखे नसेल तर तेथेच कळते. बरगड्या तळावर उभ्या करताना गुण्या लावावा. त्यानंतर एक पातळ पट्टी नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बरगड्यांवरून वाकवून धरावी. ती प्रत्येक बरगडीला पूर्ण टेकली पाहिजे. जेथे नुसती कडा टेकते तेथे कानशीने उतार द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, आणि पुढे कोणालाही दिसत नाही. तरी नावेचे सौष्ठव सारे येथेच ठरते.

फळी सरळ कापून वळवू म्हटले तर ती बसत नाही. कडा उचलली जाते. म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना बरगड्यांवर बसवून पाहावा, कापावा, पुन्हा बसवावा, आणि नीट बसला की त्यावरून डावी आणि उजवी अशा दोन फळ्या एकदमच काढाव्यात. फळी कोमट पाण्यात भिजवून जागेवर वाकवावी, चिमट्यांनी धरावी आणि रात्रभर वाळू द्यावी; गोंद दुसऱ्या दिवशी लावावा. ओले लाकूड फुगलेले असते. तसेच चिकटविले तर वाळताना ते आकसते आणि फटी पडतात. डोरीच्या फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर किंचित चढतात, तेव्हा चढणाऱ्या भागाला आधी उतार द्यावा लागतो.

डोरी झाली की मोठ्या जहाजाकडे जाण्यास हरकत नाही. तेथे कडेला कड भिडवून फळ्या लावतात आणि एक नवा नियम येतो. एक फळी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावावी. एकच बाजू आधी पुरी केली तर तिच्या ओढीने मधला कणा वाकतो, आणि एकदा वाकलेला कणा मागाहून सरळ होत नाही. संघटनेच्या कामात आम्हांला या नियमाची आठवण वारंवार झाली आहे. दोन खात्यांच्या कामगारांपैकी एकाच खात्याचे प्रश्न सोडवीत गेलो, तर सारी संघटना तिकडे कलते. दुसरेही असे की, नाळेकडे जहाजाचा घेर कमी होतो, म्हणून तेथे प्रत्येक फळी थोडी थोडी निमुळती करावी लागते. कोणतीच फळी अरुंद केली नाही, तर शेवटच्या फळीला जागाच उरत नाही.

इतकी खटपट कशासाठी, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर मुंबईच्या गोदीत आहे. 'ट्रिंकोमली' नावाचे लढाऊ जहाज तेथे मलबारी सागातून बांधले गेले आणि १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरले. आराखडा इंग्लंडहून आला होता. त्याची पहिली प्रत घेऊन निघालेले जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडले, तेव्हा दुसरी प्रत पाठवावी लागली. काम जमशेटजी बमनजी वाडिया या मुख्य मिस्त्रींच्या देखरेखीखाली झाले. आज ते जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आहे. पाण्यावर तरंगत असलेले ब्रिटनचे ते सर्वांत जुने लढाऊ जहाज. वाडियांचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच झाले. पण ज्यांनी त्या बरगड्या तासल्या, फळ्या वाकविल्या, फटींत काथ्या ठासला, त्या शेकडो हातांची नावे कोणाच्या ओठांवर आहेत? प्रतिकृती करणाराला ती नावे सापडणार नाहीत. पण त्यांचे काम काय होते, कोठे अवघड होते आणि किती चोख होते, हे त्याच्या बोटांना कळेल.

आजच्या कारखान्यात कामगाराच्या वाट्याला वस्तूचा एखादाच तुकडा येतो. दिवसभर तो एकच भाग करतो. पुरी झालेली वस्तू त्याच्या नजरेस पडतही नाही. पहिल्या फळीपासून शेवटच्या रंगापर्यंत एक गोष्ट आपल्या हातून पुरी होणे, हा अनुभव त्याच्या आयुष्यातून गेला आहे. तो परत मिळविण्याची ही एक वाट आहे. एकमेव नव्हे, पण खरी. त्यासाठी लागतो तो मोकळा वेळ, आणि हा वेळ कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा उभी केली, त्यांच्या मागणीमागे कामगारांचे बळ उभे केले, तेव्हा कोठे १८९० साली गिरणीत रविवारची सुटी मिळाली. मिळविलेला रविवार कसा घालवावा हे ज्याने त्याने ठरवावे. कोणी देवदर्शनाला जाईल, कोणी झोप काढील, तोही त्याचा हक्कच आहे. पण ज्याला हात शिवशिवत असल्यासारखे वाटतात, त्याने एक पाट, एक सुरी आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बसावे. घाई करू नये. पहिल्या रविवारी तळ झाला तरी पुष्कळ झाले.